आदिपाप

आदिपाप : (मूळ पाप, जन्मपाप). आदाम आणि हव्वा या पहिल्या दांपत्याने एदेन बागेत देवाची आज्ञा मोडली. त्या अपराधाचा दोष आणि त्यामुळे बिघडलेला स्वभाव प्रत्येक माणसाच्या वाट्याला जन्मतःच येतो, अशी पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेतील शिकवण. कॅथलिक आणि बहुतेक प्रॉटेस्टंट पंथांच्या धर्मशिक्षणात तिला पायाचे स्थान आहे. तिची बांधणी मात्र येशूनंतर साडेतीनशे-चारशे वर्षांनी, प्रामुख्याने उत्तर आफ्रिकेतील लॅटिन भाषिक चर्चमध्ये झाली. ज्या बायबल-वचनांवर ती उभी आहे ती कोणी, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी सांगितली हे ध्यानात घेऊन वाचली, तर पापाचे बरेच वेगळे चित्र समोर येते. या सिद्धांताचा आधुनिक फेरविचार मुख्यतः अशा वाचनातून झाला आहे.

मराठी वाचकाच्या मनात ‘जन्माबरोबर येणारे पाप’ म्हटले की पूर्वजन्मीचे संचित येते. आदिपापाची कल्पना तशी नाही. संचित ज्याचे त्याचे असते. आदिपापात कर्म एकाचे आणि त्याचा दोष साऱ्या वंशाला, असा संबंध आहे. हाच मुद्दा सोळाशे वर्षे वादाचा ठरला.

उत्पत्तीची कथा : ‘उत्पत्ती’ पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात निषिद्ध फळ खाल्ल्याची कथा येते. त्या अध्यायात ‘पाप’ हा शब्द एकदाही आलेला नाही. सापाला सैतान म्हटलेले नाही आणि फळ सफरचंदाचे होते असेही सांगितलेले नाही. हे तपशील पुढच्या परंपरेने भरले. शाप उच्चारला जातो तो सापावर आणि जमिनीवर. स्त्रीच्या वाट्याला प्रसूतिवेदना व नवऱ्याचे वर्चस्व येते, पुरुषाच्या वाट्याला काबाडकष्ट आणि शेवटी माती. पुढच्या पिढ्यांना दोष लागल्याचा उल्लेख नाही.

‘पाप’ हा शब्द प्रथम येतो तो चौथ्या अध्यायात, काइन आणि हाबेल या भावांच्या कथेत. धाकट्याचे अर्पण स्वीकारले गेले आणि आपले नाकारले गेले, म्हणून काइन संतापाने धुमसतो आहे. त्या क्षणी देव त्याला बजावतो की, पाप दाराशी दबा धरून बसले आहे, पण त्याच्यावर ताबा मिळवणे तुझ्या हाती आहे. काइन ऐकत नाही आणि शेतात भावाचा खून करतो. बायबलमधील पापाची ही पहिली ओळख आहे. ते बाहेरून झडप घालू पाहते आणि माणूस त्याला अडवू शकतो. आदामाचा मुलगा असल्यामुळे काइनला निवडीचे स्वातंत्र्य उरलेले नाही, असे कथा म्हणत नाही. त्यानंतरच्या हिब्रू शास्त्रात आदामाच्या अपराधाकडे जवळजवळ कोणीच मागे वळून पाहत नाही.

ओझे आणि कर्ज : मंदिराच्या काळात पाप ही वाहून नेण्याची गोष्ट होती. ‘लेवीय’च्या सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी सांगितला आहे. दोन बोकड आणले जातात आणि चिठ्ठ्या टाकून एक यज्ञासाठी निवडला जातो. दुसऱ्याच्या डोक्यावर प्रमुख याजक दोन्ही हात ठेवतो, इस्राएल लोकांचे सर्व अपराध मोठ्याने कबूल करतो आणि ते जणू त्या बोकडावर लादतो. मग नेमलेला माणूस त्या जनावराला वस्तीपासून दूर, निर्जन रानात नेऊन सोडतो. हा विधी दरवर्षी करायचा असे. साचलेले अपराध दर वर्षी वाहून न्यावे लागतात आणि ते नेता येतात, हा विश्वास त्यामागे होता.

पुढे, विशेषतः येशूच्या काळात, पापासाठी कर्जाची भाषा रूढ झाली. गॅरी अँडरसन यांनी २००९ मधील आपल्या ग्रंथात ओझ्यापासून कर्जापर्यंतचा हा प्रवास सविस्तर दाखवला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेत क्षमा मागितली जाते ती ऋणांचीच. त्याच शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात एका चाकराला राजा दहा हजार तालांतांचे कर्ज माफ करतो आणि तोच चाकर बाहेर पडताच शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी आणि तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. म्हणजे माफ झालेली रक्कम मजुराच्या दीड लाखाहून अधिक वर्षांच्या कमाईएवढी होते. सावकारी आणि करांनी पिचलेल्या गालीलातील शेतकऱ्याला या हिशेबाचा अर्थ समजावून सांगावा लागत नसे.

संदेष्टे : इसवी सनपूर्व आठव्या शतकातील आमोसच्या लेखी पाप बाजारात आणि न्यायसभेत घडते. माप लहान करणे, तराजूत खोट घालणे, जोडाभर वहाणांसाठी गरिबाला विकणे हे त्याने मोजलेले अपराध आहेत. सहाव्या शतकात यरुशलेमचा पाडाव झाला आणि अनेक यहुदी बाबेलात हद्दपार झाले. तिथे एक म्हण रूढ झाली होती. आंबट द्राक्षे बापजाद्यांनी खाल्ली आणि दात आंबले मुलांचे, असा तिचा आशय होता. आपली दुर्दशा पूर्वजांच्या पापामुळे झाली, ही तक्रार त्यात होती. यहेज्केल हा संदेष्टा आपल्या पुस्तकाचा संपूर्ण अठरावा अध्याय या म्हणीच्या खंडनाला देतो. बापाच्या अपराधाबद्दल मुलगा दोषी नाही आणि मुलाच्या अपराधाबद्दल बाप दोषी नाही. जो पाप करील त्याची जबाबदारी त्याची, आणि तो मागे वळला तर तो जगेल. पूर्वजांच्या अपराधाची झळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोहोचते असे ‘निर्गम’च्या विसाव्या अध्यायात आहे हे खरे. पण दोष वारशाने येतो का, या प्रश्नाचे हिब्रू शास्त्रातले सर्वांत सविस्तर उत्तर यहेज्केलचे आहे.

आदिपापाच्या समर्थनार्थ एक्कावन्नाव्या स्तोत्रातील, आईच्या उदरातच पापी असल्याची कबुली नेहमी पुढे केली जाते. परंपरेने ते स्तोत्र, बथशेबा या परस्त्रीशी व्यभिचार केल्यानंतरच्या दाविद राजाच्या तोंडी घातले आहे. स्वतःच्या कृत्याने हादरलेल्या माणसाचा तो टाहो आहे. त्यातून सर्व अर्भकांविषयी नियम काढणे स्तोत्राच्या प्रकृतीला धरून नाही.

येशू : योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की, पाप याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही शक्यता नाकारतो आणि त्या माणसाला दृष्टी देतो. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती इतरांपेक्षा अधिक पापी होती हा तर्क येशू फेटाळतो आणि त्याच वेळी ऐकणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचे आयुष्य तपासायला सांगतो. शुभवर्तमानांत त्याने आदामाच्या पतनावर प्रवचन केल्याची नोंद नाही. लहान मुलांना त्याने जवळ घेतले आणि देवाचे राज्य अशांचेच आहे असे सांगितले.

पौल : आदामाला पापाच्या विचारात मध्यवर्ती जागा दिली ती पौलाने, सुमारे इ. स. ५७ मध्ये लिहिलेल्या रोमकरांस पत्रात. त्याच्या समोरचा प्रश्न व्यावहारिक होता. रोममधील मंडळीत यहुदी आणि यहुदीतर विश्वासणारे एकत्र आले होते आणि श्रेष्ठ कोण यावर ताण होता. सर्वांची मुळे एकाच आदामात आणि सर्वांची सुटका एकाच ख्रिस्तात, असे सांगून पौल दोन्ही गटांचा अहंकार उतरवतो. स्वीडिश अभ्यासक क्रिस्टर स्टेंडाल यांनी १९६३ मधील गाजलेल्या लेखात दाखवले की, पाश्चात्त्य वाचकांनी स्वतःच्या अपराधी मनाची घालमेल पौलावर लादली. पौल स्वतः दोन समाजांच्या नात्याविषयी बोलत होता.

पाचव्या अध्यायातील बाराव्या वचनावर सिद्धांताचा मोठा भार आहे. ग्रीक मजकुराचा आज सर्वसाधारणपणे मान्य असलेला अर्थ असा की, सर्वांनी पाप केल्यामुळे मरण सर्वांपर्यंत पोहोचले. लॅटिन भाषांतरात ते ‘ज्याच्यामध्ये सर्वांनी पाप केले’ असे वाचले गेले आणि ‘ज्याच्यामध्ये’ म्हणजे आदामामध्ये, असे चौथ्या शतकातील एका अनाम लॅटिन भाष्यकाराने ठरवले. पुढे ऑगस्टीनने त्याच भाष्याचा हवाला दिला.

ऑगस्टीन : (३५४–४३०). आजच्या अल्जीरियातील हिप्पो येथील हा बिशप ख्रिस्ती विचारविश्वातील असामान्य प्रतिभेचा माणूस होता. आपल्या आत्मकथनात त्याने सोळाव्या वर्षी केलेली एक चोरी आठवली आहे. रात्री मित्रांबरोबर शेजारच्या झाडाचे पेर झोडपून आणले. भूक नव्हती, घरी त्याहून चांगले पेर होते आणि बरेचसे डुकरांपुढे टाकले. केवळ निषिद्ध असल्याचा आनंद होता. त्याच ग्रंथात आईच्या स्तनाशी असलेल्या दुसऱ्या बाळाकडे पाहून पांढरे पडणाऱ्या तान्ह्या मुलाचा मत्सर त्याने टिपला आहे. माणसाच्या मनातील ही वाकडी ओढ त्याने जितक्या प्रामाणिकपणे पाहिली तितकी त्याच्याआधी फार थोड्यांनी पाहिली असेल. तिचे कारण शोधताना तो आदामाशी जाऊन थांबला.

वादाची धार वाढली ती पेलागियस या ब्रिटनमधून आलेल्या तपस्व्यामुळे. देवाने आज्ञा दिल्या त्या पाळता येतात म्हणूनच, असे त्याचे म्हणणे होते. ऑगस्टीनचे उत्तर बाप्तिस्म्याच्या रूढीवर आधारलेले होते. अर्भकांना पापक्षमेसाठी बाप्तिस्मा दिला जातो. त्यांनी स्वतः पाप केलेले नाही. तेव्हा ते वारशाने आलेले असले पाहिजे. बाप्तिस्म्याविना मेलेल्या बाळांनाही, सौम्य का होईना, शिक्षा आहे हा निष्कर्ष त्याने स्वीकारला. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसच्या मतांचा निषेध केला. इटलीतील एक्लानमचा बिशप जुलियन मात्र मागे हटला नाही. दुसऱ्याच्या कृत्यासाठी नवजात बाळाला दोषी धरणारा देव न्यायी कसा, हा त्याचा सवाल होता. त्याच्याविरुद्धचा शेवटचा ग्रंथ अपुरा असतानाच, व्हँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातलेला असताना, ऑगस्टीन वारला.

प्रसार आणि पर्याय : ५२९ मध्ये ऑरेंजच्या धर्मसभेने ऑगस्टीनची भूमिका बऱ्याच अंशी मान्य केली. १७ जून १५४६ रोजी ट्रेंटच्या धर्मपरिषदेने आदिपाप अनुकरणाने नव्हे तर वंशपरंपरेने येते असा ठराव केला. ल्यूथर आणि कॅल्विन यांनी माणसाच्या स्वभावातील बिघाड अधिकच सखोल मानला.

पूर्वेकडील चर्चने ही वाट धरली नाही. दुसऱ्या शतकातील लियॉंचा बिशप इरेनियस आदाम-हव्वांना अजून वाढ व्हायची असलेल्या बालकांप्रमाणे पाहत होता. जॉन क्रिसोस्टमने अर्भकांना पाप नसले तरी बाप्तिस्मा देतो असे सांगितले होते आणि जुलियनने तेच वाक्य ऑगस्टीनपुढे ठेवले. ऑर्थोडॉक्स परंपरेत आदामाकडून मरणाधीनता येते, दोष येत नाही. यहुदी धर्मातही चांगल्या आणि वाईट प्रवृत्तींचा झगडा मानला जातो. वारशाने येणारा दोष मानला जात नाही. म्हणजे ज्या लोकांच्या भाषेत एदेनची कथा प्रथम सांगितली गेली, त्यांनी तिच्यातून हा सिद्धांत काढलेला नाही.

मराठी परंपरा : ट्रेंटनंतर सत्तर वर्षांनी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात छापले गेले. त्याच्या पहिल्या भागात जुन्या कराराची कथा ओवीबद्ध आहे आणि आदाम-हव्वेची कथा मराठी कानांवर आली ती ट्रेंटच्या चौकटीतून. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ मध्ये त्यांच्या मृत्यूपूर्वी ते काम पुरे झाले. मूळ भाषांकडे जाण्याचा त्यांचा हा आग्रह फेरविचाराच्या वाटेवरचे महत्त्वाचे पाऊल आहे.

आधुनिक फेरविचार : १८५९ नंतर उत्क्रांतिविचाराने एकाच दांपत्यापासून सारी मानवजात झाल्याच्या कल्पनेला धक्का दिला. १९५० मध्ये पोप पायस बारावे यांनी त्या धक्क्यापासून सिद्धांत जपण्याचा प्रयत्न केला. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने आदिपाप हे केलेले कृत्य नसून एक अवस्था आहे आणि त्याला ‘पाप’ म्हणणे उपमेच्या अर्थाने आहे, असे स्पष्ट केले. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईश्वरविज्ञान आयोगाने बाप्तिस्म्याविना मेलेल्या बाळांच्या तारणाची आशा बाळगायला सबळ कारणे आहेत असे म्हटले. बाळ गमावलेल्या आणि त्यात अपराधी भावनेचा भार वाहिलेल्या असंख्य आयांसाठी ही गोष्ट मोठी आहे.

स्त्रियांच्या बाजूने फिलिस ट्रिबल यांनी १९७८ मध्ये एदेनची कथा नव्याने वाचली. पुरुषाचे वर्चस्व हा कथेत बिघडलेल्या नात्याचा परिणाम आहे, देवाची मूळ योजना नव्हे, असे त्यांनी दाखवले. लॅटिन अमेरिकेत गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी १९७१ पासून दारिद्र्य निर्माण करणाऱ्या व्यवस्थेलाच पाप म्हटले. १९८७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘पापाच्या रचना’ हा शब्दप्रयोग परिपत्रकात स्वीकारला. भारतात अरविंद निर्मल यांच्या १९८१ मधील बंगळुरूच्या व्याख्यानापासून दलित ईश्वरविज्ञान आकाराला आले. त्या प्रवाहात जातिव्यवस्था हे पाप मानले जाते. जन्माने चिकटलेल्या कलंकाची कल्पना ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली, त्यांनी पापाचा रोख जन्माकडून अन्यायाकडे वळवला. आमोसने नेमके हेच केले होते.

मूल्यमापन : ऑगस्टीनने टिपलेले वास्तव खोटे नाही. माणूस वाईटाने भरलेल्या जगात जन्मतो आणि कळू लागण्याआधीच त्यात ओढला जातो. परंतु तान्हे मूल दोषी असते हा निष्कर्ष उत्पत्ती, यहेज्केल किंवा शुभवर्तमाने यांपैकी कोणी काढत नाही, आणि पौलाच्या ज्या वचनावर तो उभा केला गेला ते वचनही त्याला पुरेसा आधार देत नाही. बायबलमधील पाप हे केलेले कृत्य, साचलेले ओझे, थकलेले कर्ज आणि समाजाने चालू ठेवलेला अन्याय आहे. त्या प्रत्येकाला कबुली, भरपाई आणि क्षमेचा मार्ग आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात एदेनची कथा सांगताना काइनला मिळालेला इशारा आणि यहेज्केलचा अठरावा अध्याय तिच्या जोडीने शिकवले गेले पाहिजेत.