बिरसीची हवाई पट्टी आणि आपली पोरं



आपल्या बालाघाटच्या आठवणी निघाल्या की छोटी लाईन येते, भरवेलीची मँगनीज खाण येते, वैनगंगेचा पूर येतो. विमान मात्र कोणाच्या आठवणीत फारसं येत नाही. गेल्या काही वर्षांत मला विचारणारे पालक मात्र वाढलेत, "सर, पोराला पायलट व्हायचंय म्हणते, काय करू जी?" मी आयुष्यभर गणित शिकवलं, विमान नाही. तरी या प्रश्नाचा आपल्या भागापुरता एक इतिहास आहे आणि तो माहीत असला तर उत्तर थोडं सोपं जातं. म्हणून हे लांबलचक लिहितोय.

सुरुवात बिरसीपासून करावी लागते. गोंदियाजवळ, कामठ्याच्या बाजूला, आपल्यापासून चाळीसेक किलोमीटरवर ही धावपट्टी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, इंग्रजांनी ती बांधली. लढाई संपली, इंग्रज गेले, पट्टी राहिली. आमच्या घरातली जुनी माणसं तिला नुसतं "हवाई पट्टी" म्हणत. विमानतळ हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही.

मग १ नोव्हेंबर १९५६ आला. तोवर बालाघाट आणि भंडारा हे दोन्ही जिल्हे मध्यप्रांतातले, राजधानी नागपूर. त्या दिवशी आपण नव्या मध्यप्रदेशात राहिलो आणि भंडारा मुंबई राज्यात गेला. गोंदिया तेव्हा भंडाऱ्यातच होतं, त्याचा वेगळा जिल्हा झाला १९९९ साली. तेव्हापासून आपलं असं झालं: कागद भोपाळचे, बाजार गोंदियाचा, दवाखाना नागपूरचा. बिरसीची पट्टी सीमेच्या पलीकडे गेली. अंतर तेवढंच राहिलं, पण शिष्यवृत्ती, रहिवासी दाखला, सरकारी योजना यांची दारं वेगळी झाली.

त्या काळी पायलट कसे होत? १९२८-२९ च्या सुमारास दिल्ली, मुंबई, कलकत्ता, कराची इथे फ्लाइंग क्लब निघाले. मुंबईच्या क्लबमधून जेआरडी टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ ला परवाना घेतला, भारतात दिलेला तो पहिला. स्वातंत्र्यानंतरही बराच काळ हीच पद्धत चालली. क्लबांना सरकारी अनुदान, त्यामुळे उडण्याचा तास त्या मानाने स्वस्त. आणि आजच्या पोरांना खरं वाटणार नाही, पण शिक्षणाची अट होती दहावी पास! बारावी सायन्सची अट नव्वदच्या दशकात आली.

म्हणजे कागदावर दार उघडं होतं. आपल्याकडून कोणी गेलं का? मी ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी एकालाही आपल्या गावातून गेलेला एकही पायलट आठवला नाही. कारण उघड आहे. क्लब शहरात. नागपूरला क्लब होता, सोनेगावचा विमानतळ होता. जानेवारी १९४९ पासून तर रात्रीच्या हवाई टपालाची सगळ्या देशाची अदलाबदल नागपुरातच व्हायची. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री तिथे उतरायची, एकमेकांच्या थैल्या घ्यायची आणि पहाटेपर्यंत परत जायची. १९७३ पर्यंत हे चाललं. आपल्या घरची पत्रंही त्याच थैल्यांतून आली असतील. पण आपल्या पोरांपुढे रस्ते तीन-चारच होते. खाण, रेल्वे, मास्तरकी, नाहीतर धानाच्या बांध्या. पायलट व्हायला अर्ज कुठे करायचा, हे सांगणारा माणूसच गावात नव्हता.

१९५३ मध्ये सगळ्या विमान कंपन्या सरकारी झाल्या. देशात नोकरी देणारे उरले दोनच, इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया. जागा थोड्या. तरी त्याच काळात एका मराठी बाईने नाव काढलं. कॅप्टन सौदामिनी देशमुख. १९८५ मध्ये सगळ्या महिलाच असलेल्या चमूने कलकत्ता-सिलचर असं फॉकर विमान नेलं, त्याच्या कमांडर त्या होत्या. आज भारतात पायलटांमध्ये बाया सुमारे १५ टक्के आहेत आणि जगाची सरासरी ५ च्या आसपास. "पोरीला कशाला?" असं विचारणाऱ्यांनी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

त्याच सुमारास सरकारने स्वतःची मोठी शाळा काढली. रायबरेलीजवळ फुरसतगंजला इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी. पंतप्रधान राजीव गांधी राजकारणात येण्याआधी स्वतः इंडियन एअरलाइन्सचे पायलट होते. इथे प्रवेश परीक्षेने मिळतो. लेखी परीक्षा, मग कल चाचणी, मग मुलाखत. राखीव जागाही आहेत.

१९९४ मध्ये सरकारी मक्तेदारी कायद्याने संपली, खासगी कंपन्या वाढल्या. आणि इथून आपल्यासाठी दाराचा आकार बदलला. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बारावी ही अट आली, म्हणजे निर्णय पंधरा-सोळा वर्षांच्या पोरावर आला. मी शाळेत दरवर्षी बघायचो. दहावीनंतर "गणित नको बाप्पा" म्हणून सोडणारी पोरं, त्यातली काही चांगली हुशार. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं की या एका सहीने कोणती दारं बंद होतात. अशांना आता मुक्त विद्यालयातून हे दोन विषय पुन्हा देता येतात, पण वर्ष जातं.

मग बिरसीचे दिवस फिरले. प्रफुल्ल पटेल नागरी उड्डयन मंत्री असताना पट्टी विमानतळ प्राधिकरणाकडे आली, लांब-रुंद झाली आणि प्राधिकरणाने कॅनडाच्या सीएई कंपनीबरोबर तिथे वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी केली. २००८ च्या आसपास आपल्या आकाशात ती छोटी पांढरी विमानं दिसायला लागली. पुढे २०२१ मध्ये फुरसतगंजच्या अकादमीनेही गोंदियाला तळ करायचं ठरवलं. उत्तर प्रदेशात हिवाळ्यात धुकं पडतं, उडण्याचे तास बुडतात, आपल्याकडे आकाश मोकळं असतं. १३ मार्च २०२२ ला तर इंदूर-गोंदिया-हैदराबाद अशी प्रवासी सेवाही सुरू झाली.

आपल्याच डोक्यावर पोरं शिकत होती, पण ती दिल्ली, मुंबई, लखनऊची. एकेकाळी अंतर होतं ते माहितीचं. आता शाळा शेजारी आली आणि अंतर पैशाचं झालं. सरकारी अकादमीचीच फी ४५ लाखांच्या घरात. वर राहणं-खाणं, आणि नंतर एअरबस किंवा बोइंगचं टाइप रेटिंग, त्याचे आणखी काही लाख. आपल्याकडच्या मध्यम घराने एवढे पैसे आणायचे कुठून? शेत विकूनच.

ओळखीतलं एक घर सांगतो, नाव नको. रस्त्यालगतची जमीन विकली, वर कर्ज काढलं, पोरगा परदेशातून परवाना घेऊन आला. तेवढ्यात २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली. अनुभवी पायलटच रस्त्यावर आले, नवख्याला कोण विचारणार? परवाना हातात असून चालत नाही, तो जिवंत ठेवायला तपासण्या, वैद्यकीय, उडण्याचे तास, सगळ्याला पैसे लागतात. पोरगा चार वर्षं दुसरंच काम करत राहिला. शेवटी लागला, पण जमीन काही परत आली नाही. २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद झाली तेव्हा मला पहिल्यांदा तेच घर आठवलं. हा धंदा भरती-ओहोटीचा आहे. शिकायला लागताना जाहिराती कशा आहेत यापेक्षा, दोन-तीन वर्षांनी बाहेर पडल्यावर नोकरी नसली तर हप्ता कोण भरणार, हे आधी ठरवावं लागतं.

दुसरी गोष्ट जिवाची. २६ एप्रिल २०१७ ला बिरसीहून उडालेलं शिकाऊ विमान वैनगंगेवर तारांना अडकून कोसळलं. १८ मार्च २०२३ ला दुसरं विमान आपल्याच जिल्ह्यात, लांजी-किरनापूर भागातल्या भक्कूटोल्याजवळच्या डोंगरात पडलं. दोन्ही वेळी शिकवणारा आणि शिकणारी, दोघंही गेले. घाबरवायला सांगत नाही. पण शाळा निवडताना फी आणि हॉस्टेल बघतो, तसं विमानांची देखभाल कशी होते, शिकवणारे किती अनुभवी, हेही विचारलं पाहिजे. विचारायला लाजू नये.

आता माझं गणित मांडतो. यातला क्रम सगळ्यात महत्त्वाचा आहे.

पहिलं, वैद्यकीय तपासणी. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे क्लास टू, मग क्लास वन. रंग ओळखण्याचा दोष निघाला तर स्वप्न तिथेच थांबू शकतं. चष्मा असला तर बहुधा चालतं, त्याला घाबरू नका. हे काही हजारांत कळतं, मग लाखो भरल्यावर का कळावं?

दुसरं, लेखी पेपर. नेव्हिगेशन, हवामान, हवाई नियम, तांत्रिक. पास व्हायला ७० टक्के, आणि सगळं इंग्रजीत. नेव्हिगेशन म्हणजे वाऱ्याचा त्रिकोण, वेग आणि दिशा. आपलं शाळेतलंच गणित आहे ते. हे पेपर घरी बसून अभ्यास करून देता येतात. पोराची तयारी आणि चिकाटी इथेच दिसते. पेपर निघाले तर पुढे पैसे लावा.

तिसरं, शाळा. व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात, त्यातले १०० स्वतः कमांडमध्ये. शाळेला विचारा: उडणारी विमानं किती, मुलं किती, मागच्या तुकडीला २०० तास पुरे व्हायला किती महिने लागले? फी एकदम देऊ नका, तास होतील तशी द्या. ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीए शाळांची श्रेणी जाहीर करते. पहिल्या यादीत सगळ्यात वरच्या दोन श्रेणींत एकही शाळा नव्हती. यावरून काय समजायचं ते समजा.

आणि ज्या घरात विकायला शेतच नाही, त्यांच्यासाठी एक रस्ता आहे, बिनपैशाचा. एनडीए आणि हवाई दल. अवनी चतुर्वेदी आपल्याच मध्यप्रदेशच्या, शहडोल जिल्ह्यात देवलोंदसारख्या लहान ठिकाणी शिकलेल्या. २०१६ मध्ये देशाच्या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिकांत त्या होत्या. २०२२ पासून एनडीएतही मुली जातात. हा रस्ता कठीण आहे, नोकरी देशसेवेची आहे, मुदत लांब आहे. पण गहाण काही ठेवावं लागत नाही.

हे सगळं मी दहावीच्या निकालाआधी लिहितोय, मुद्दाम. विषय निवडायला अजून वेळ आहे. ज्यांच्या घरी असं पोरगं-पोरगी आहे त्यांना हे वाचून दाखवा. आणि बिरसीच्या जुन्या पट्टीच्या, लढाईच्या वेळच्या गोष्टी कोणाच्या आजी-आजोबांनी सांगितल्या असतील, तर खाली नक्की लिहा जी. ती माणसं आता थोडीच उरलीत.