सामाईक विहीर

आम्ही दोघे पिंपरी-चिंचवड परिसरातील महाविद्यालयांत मराठी शिकवतो. दोघांचीही घरे गावाकडून आलेली आणि दोघांच्याही घरांत आज किमान तीन राजकीय मते नांदतात. नांदतात हा शब्द जरा उदारपणे वापरला आहे. गेल्या काही वर्षांत निवडणुका आल्या की घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जे चालते, त्यामुळे एका मावशींनी गट सोडला, एका साडूंनी लग्नाला येणे टाळले आणि एका आतेभावाने जाहीर केले की यापुढे फक्त 'सुप्रभात' आणि वाढदिवस. अशा वेळी ज्येष्ठ मंडळी हमखास म्हणतात, की पूर्वी असे नव्हते, मतभेद असत पण मनभेद नसत. हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की ते एकदा तपासून पाहावे असे वाटले. पूर्वी खरोखर काय होते?

या चौकशीला आरंभ करण्यासाठी १९६० सालची बारामती लोकसभेची पोटनिवडणूक सोयीची आहे. तिची पार्श्वभूमीच नात्यागोत्यांच्या गुंत्याने भरलेली होती. केशवराव जेधे १९५९ च्या नोव्हेंबरमध्ये वारले आणि जागा रिकामी झाली. शंकरराव मोरे यांच्यासह शेतकरी कामगार पक्ष उभा करणाऱ्यांत जेधे अग्रणी होते; पुढे ते काँग्रेसमध्ये परतले. त्यांच्या जागेसाठी काँग्रेसने त्यांचे चिरंजीव गुलाबराव जेधे यांना उभे केले. शेकापतर्फे उभे राहिले वसंतराव पवार. म्हणजे ज्या पक्षाच्या संस्थापकांत वडील होते, त्याच पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध मुलगा लढत होता. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची धग अजून विझली नव्हती, आणि यशवंतराव चव्हाणांनी ही जागा प्रतिष्ठेची केली होती.

वसंतरावांचे घर शेकापच्या विचाराचे. आई शारदाबाई १९३८ पासून पुणे जिल्हा लोकल बोर्डाच्या सदस्य होत्या आणि शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर ठाम, किंबहुना कडव्या मतांच्या होत्या. या घरातला एक धाकटा भाऊ त्या वेळी पुण्यात महाविद्यालयात शिकत होता आणि काँग्रेसचे काम करीत होता. थोरला भाऊ उमेदवार, सारे घर त्याच्या प्रचारात, आणि धाकटा विरोधी पक्षात. शरद पवारांनी हा प्रसंग पुढे आपल्या आत्मचरित्रात सांगितला आहे. बंधूंनीच त्यांना मोकळे केले: तुझी निष्ठा तिकडे आहे, तर तिकडेच काम कर, संकोच धरू नकोस, अशा अर्थाचे. त्यांनी गुलाबराव जेधे यांचा प्रचार केला. काँग्रेस जिंकली, वसंतराव हरले.

ही हकीकत ऐकताना आपण धाकट्या भावाकडे पाहतो, कारण तो पुढे मोठा झाला. आम्हांला मात्र थोरल्याविषयी अधिक कुतूहल वाटते. निवडणुकीला उभ्या असलेल्या माणसाला घरातले एक मतही जड असते. गावात लोक विचारणार, की सख्खा भाऊ तुमच्याबरोबर नाही तर आम्ही का असावे? ते ओझे पत्करून त्याने भावाला मोकळीक दिली. यात काही वत्सलता असेल. पण त्या पिढीच्या पक्षशिस्तीचाही भाग असावा असे आमचे मत आहे. शेकापच्या घरात पक्ष ही गंभीर गोष्ट होती, आणि जो स्वतःचा पक्ष गंभीरपणे घेतो त्यालाच दुसऱ्याची निष्ठा कळते. आज आपल्या घरांतले वाद निष्ठेचे कमी आणि आलेले संदेश पुढे ढकलण्याचे अधिक असतात, हा फरक जाता जाता नोंदवावासा वाटतो.

याच घराची दुसरी कथा अधिक लांब आणि अधिक बोधक आहे. शरद पवारांच्या भगिनी सरोजताई यांचे यजमान म्हणजे प्रा. एन. डी. पाटील. १७ जानेवारी २०२२ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले, तोवर हा माणूस शेकापचाच राहिला. मेहुणा चार वेळा मुख्यमंत्री झाला, केंद्रात मंत्री झाला, आणि एन. डी. बहुतेक काळ त्या सत्तेच्या समोरच्या बाजूस उभे होते. अपवाद १९७८ ते १९८० चा. पुलोदच्या सरकारात पवार मुख्यमंत्री आणि एन. डी. सहकारमंत्री. तो प्रयोग दीडेक वर्षात संपला आणि दोघे पुन्हा आपापल्या वाटांना लागले. १९९३ साली एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा वीजखरेदी करार झाला तेव्हा मुख्यमंत्री पवार होते; गुहागर भागात त्या प्रकल्पाविरुद्ध जे आंदोलन उभे राहिले, त्याच्या अग्रभागी एन. डी. होते. रायगडमधील महामुंबई सेझच्या वेळी पवार केंद्रात कृषिमंत्री, आणि पेणच्या शेतकऱ्यांबरोबर एन. डी. कोल्हापूरच्या टोलविरोधी लढ्यातही, वयाच्या ऐंशीनंतर, ते रस्त्यावर होते.

सेझचा विषय आमच्या भागालाही परका नाही. खेड तालुक्यातही सेझ आले आणि येथील गावांनाही जमीन द्यावी की न द्यावी, या प्रश्नाने घराघरांत दोन तट पाडले होते. त्यामुळे आमच्या आप्तांपैकी एकजण एन. डीं.चे नाव आदराने घेतो आणि दुसरा "ह्या लोकांमुळेच कारखाने गुजरातला जातात" असे म्हणतो.

मग या मेहुण्यांमध्ये सामाईक काय होते? एका ताटात जेवणे हे उत्तर अपुरे आहे. जेवणे सर्वत्र होतात. आमच्या मते उत्तर साताऱ्यात सापडते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे पवार अनेक वर्षे अध्यक्ष राहिले आणि एन. डी. दीर्घकाळ चेअरमन होते. पिंपरीतले महात्मा फुले महाविद्यालय याच संस्थेचे. आता कल्पना करावी: सकाळी एकाच्या धोरणाविरुद्ध मोर्चा, आणि पुढल्या आठवड्यात त्याच्याच शेजारी बसून शाळांच्या इमारती, शिक्षकांची पदे, वसतिगृहांचा खर्च यांवर निर्णय. येथे एकमत नव्हे, तर एकत्र काम होते. शिवाय ते काम दोघांहून जुने होते; दोघांपैकी कोणी ते सुरू केले नव्हते आणि कोणाच्या मालकीचे नव्हते. त्यामुळे ते जिंकण्या-हरण्याचे मैदान झाले नाही.

पण इथे थोडे थांबले पाहिजे. मोठ्या घरांची उदाहरणे लहान घरांना जशीच्या तशी लागू होत नाहीत. राजकारणात मुरलेल्या घरात भाऊ विरोधात गेला तर एक निवडणूक जाते. कामगाराच्या घरात भाऊ विरोधात गेला तर नोकरी जाऊ शकते. शिवाय अशा घरांतली समजूत ही सत्ता कुठल्या तरी दाराने घरातच राहावी याची तजवीज असते, असा आक्षेपही घेतला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एन. डीं.ना मात्र तो लावता येत नाही, कारण त्यांनी त्या दाराने काही आत आणले नाही. आणि अशी समजूत काही वारसाहक्काने मिळत नाही. २०२४ साली बारामतीत नणंद सुप्रिया सुळे आणि भावजय सुनेत्रा पवार समोरासमोर उभ्या राहिल्या. त्या वर्षीच्या दिवाळीत पाडव्याच्या भेटीगाठी एका जागी न होता गोविंदबागेत आणि काटेवाडीत अशा दोन ठिकाणी झाल्या. १९६० चा दाखला घरात असूनही.

सामाईक मालमत्ता असली की नाते टिकते, असाही नियम नाही. पुण्याच्या गायकवाड वाड्यात १९२८ साली लोकमान्यांचे चिरंजीव श्रीधरपंत टिळक यांनी समाज समता संघाचे काम सुरू केले, सहभोजन घडवले, डॉ. आंबेडकरांना वाड्यावर आणले. वडिलांचा वारसा सांगणाऱ्या मंडळींशी त्यांचा झगडा त्याच वाड्यावरून आणि केसरीच्या ट्रस्टवरून कोर्टात चालला होता. त्याच वर्षी २५ मे रोजी त्यांनी रेल्वेखाली जीव दिला. तेव्हा पूर्वी मनभेद नसत हे वाक्य निदान पुण्यापुरते तरी मागे घ्यावे लागते.

आता आमच्या पट्ट्याकडे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात आकुर्डी, चिंचवड, भोसरी येथे कारखाने उभे राहिले, १९७० मध्ये नवनगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. या कारखान्यांत मावळ, खेड, जुन्नरमधून आलेले सख्खे-चुलत भाऊ एकाच गेटमधून आत जात. युनियन दोन झाल्या की भाऊही दोन बाजूंना जात. टेल्कोचा १९८८-८९ चा संघर्ष सर्वांत गाजलेला. राजन नायर यांची टेल्को कामगार संघटना एका बाजूस, टेल्को एम्प्लॉईज युनियन दुसऱ्या बाजूस. कंपनीने दुसरीशी वेतन करार केला. नायर आणि त्यांचे हजारो कामगार सप्टेंबर १९८९ मध्ये शनिवारवाड्यासमोर उपोषणास बसले आणि महिनाअखेरीस एका पहाटे पोलिसांनी त्यांना बसमध्ये भरून हलवले. मुख्यमंत्री पवारच होते. या संपाचा इतिहास संघटना, व्यवस्थापन आणि सरकार यांच्या अंगाने लिहिला जातो. संध्याकाळी घरी गेल्यावर काय होत होते, याचा इतिहास लिहिला जात नाही.

त्याचा एक लहानसा तुकडा आमच्यापैकी एकाच्या घरात आहे. कारखाना टेल्को नव्हे, भोसरीतला एक मध्यम कारखाना, साल १९९१. आप्पा, म्हणजे वडील, संपात. तात्या, म्हणजे धाकटे चुलते, करारावर सही करून आत. आप्पांची नोकरी गेली, तात्यांची राहिली. दोघांचे बोलणे बंद झाले ते जवळजवळ दोन वर्षे. तात्यांनी सही का केली, तर त्या महिन्यात काकूंचे बाळंतपण होते. पण हे आप्पांना ठाऊक असूनही त्यांनी ते कारण कधी मान्य केले नाही, आणि आज ते दोघे थकले असताना आम्हांलाही कोण चूक होते हे सांगता येत नाही.

चाकणजवळच्या गावी मात्र सातबाऱ्यावर विहीर सामाईक होती. इतर हक्कांत दोघांचा निम्मा निम्मा हिस्सा. कांद्याला पाणी द्यायचे तर मोटारीची पाळी ठरवावी लागे, आणि वीज केव्हा येईल ते कुणाच्या हातात नसे. दहा वर्षांचा मुलगा निरोप्या झाला. "तात्याला सांग, रात्री दोननंतर मोटार त्याची." तिकडून उत्तर येई, "आप्पांना सांग, स्टार्टर तापतोय, बघून घ्या म्हणावं." एकदा पाट फुटून तात्यांच्या वाफ्यातले पाणी वाया चालले होते, तेव्हा आप्पा रात्री एकटेच जाऊन दारे धरून आले आणि सकाळी त्याविषयी एक अक्षर बोलले नाहीत. तात्यांना ते मातीतल्या पावलांवरून कळले असावे. दोन वर्षांत पाळी एकदाही चुकली नाही. त्यामुळे समेट झाला असे नाही. समेट असा झालाच नाही. आजी आजारी पडली तेव्हा ससूनच्या व्हरांड्यात त्यांना एकमेकांशी थेट बोलावे लागले, आणि बोलणे सुरू झाले ते औषधांच्या हिशेबाने.

आम्ही दोघे यावर पुष्कळ भांडलो आहोत. आमच्यापैकी दुसऱ्याचे म्हणणे असे, की पाळी सांभाळणे म्हणजे मूळ प्रश्न टाळणे. संपात न्याय कुणाच्या बाजूचा होता हा प्रश्न विहिरीत बुडवला गेला. पहिल्याचे म्हणणे असे, की तो प्रश्न बुडाला नाही, घरात रोज उभा होता; विहिरीने फक्त त्याला शेत वाळवू दिले नाही. हा वाद आमच्यात मिटलेला नाही आणि हा लेख त्याच वादातून जन्मला आहे.

नव्वदच्या दशकानंतर चाकणला कारखाने आले. गावची बरीचशी जमीन गेली. तात्यांचा मुलगा आता एका मोटार कारखान्यात अभियंता आहे आणि एका पक्षाचा कट्टर. आप्पांची धाकटी मुलगी शिक्षिका, दुसऱ्या पक्षाची तितकीच कट्टर. व्हॉट्सअ‍ॅप गटावरची मोठी भांडणे याच दोघांची असतात, आणि एका निवडणुकीनंतर चार महिने दोघांनी एकमेकांना प्रत्यक्षात ओळखही दाखवली नव्हती. अर्धा एकर तुकडा आणि ती विहीर मात्र अजून विकलेली नाही. वीजबिल आजोबांच्याच नावाने येते. ते एक महिना तो भरतो, एक महिना ती, आणि पावतीचे चित्र गटावर टाकतात. मागच्या महिन्यात पाळी तिची होती. पावतीच्या वर एका मंत्र्यावरून झालेले तिसेक संदेशांचे भांडण होते, आणि पावतीखाली त्याने एवढेच लिहिले होते: "मोटारीचा कपॅसिटर गेलाय. रविवारी येतेस का?"