पंधरा ते अठरा: ठाणे-कल्याणच्या बाल आणि युवक सेवांमधली फट

‘बालकल्याण’ किंवा ‘युवक कल्याण’ असा विषय घेऊन संशोधन सुरू करणारे बरेच असतात. दोन्ही एकत्र घेणारे कमी. कारण साधं आहे: कागदपत्रं वेगवेगळ्या खात्यांत असतात. पण कुटुंब मात्र एकाच खोलीत राहतं. कल्याण पूर्वेतल्या चाळीतलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. धाकटी चार वर्षांची, मधला सतराचा, थोरला एकोणीसचा. धाकटी अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये सापडेल. थोरला कॉलेजात असेल तर एनएसएसच्या यादीत सापडू शकेल. शाळा सोडून गॅरेजमध्ये लागलेला मधला कुठे शोधायचा?

ही फट कशी पडली ते पाहू. 1969 मध्ये राष्ट्रीय सेवा योजना आली, ती विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांसाठी. 1972 मध्ये नेहरू युवा केंद्रं आली, त्यांचा भर ग्रामीण, कॉलेजबाहेरच्या तरुणांवर. 1974 मध्ये राष्ट्रीय बाल धोरण ठरलं आणि 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली. तिचा मुख्य भर सहा वर्षांखालची मुलं, गर्भवती आणि स्तनदा माता यांच्यावर. प्रत्येक योजना आपल्या जागी बरोबरच होती. पण शहरात राहणारा, गरीब, शाळा सुटलेला पोरगा यांपैकी कुणाच्याच मुख्य गटात बसत नव्हता. आणि कारखान्यांमुळे वाढत गेलेल्या ठाणे-डोंबिवली पट्ट्यात असेच पोरगे होते.

कायद्यातलं वयही बदलत गेलं. 1986 च्या बाल न्याय कायद्यात मुलग्यासाठी मर्यादा 16 होती आणि मुलीसाठी 18. 2000 च्या कायद्याने दोघांसाठी 18 केली. त्यामुळे या काळातले आकडे सलग मांडून ‘बालगुन्हेगारी वाढली’ असा निष्कर्ष काढू नका; मोजायची व्याख्याच बदलली आहे. पुढे 2013 च्या बाल धोरणाने 18 खालच्या सगळ्यांना बालक म्हटलं आणि 2014 च्या युवा धोरणाने 15 ते 29 हा गट युवा ठरवला. म्हणजे आपला सतरा वर्षांचा मुलगा आता दोन्ही यादीत आहे. पण दोन यादीत नाव असणं आणि कुणीतरी जबाबदारी घेणं, यात फरक आहे.

वयासारख्याच हद्दीही हलल्या. कल्याण-डोंबिवली महापालिका 1983 ची. तिच्यातली 27 गावं 2002 मध्ये बाहेर गेली आणि 2015 मध्ये परत आली. मध्येच, 1 ऑगस्ट 2014 ला, ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. म्हणून जुन्या-नव्या आकड्यांची तुलना करण्याआधी त्या वर्षी ‘ठाणे’ म्हणजे नेमकं काय होतं, आणि शाळा-अंगणवाडी जिल्हा परिषदेकडे होती की आणखी कुणाकडे, हे तपासायलाच हवं.

एकत्र नियोजनाचं जवळचं उदाहरण म्हणजे ठाण्यातल्या तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखालची सिग्नल शाळा. ठाणे महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी ती जून 2016 मध्ये सुरू केली, सिग्नलवर वस्तू विकणाऱ्या स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसाठी. इथे सुरुवात वयापासून नाही, जागेपासून झाली. कुटुंब जिथे होतं तिथेच शाळा आली. आंघोळ, जेवण, अभ्यास एकाच ठिकाणी. 2018 मध्ये इथले पहिले दोन विद्यार्थी दहावी पास झाले आणि लगेच पुढचा प्रश्न आला: आता कॉलेज, राहणं, नोकरी? तोवर शिशुवर्गापासून दहावीपर्यंतचा विचार करणाऱ्यांना युवकांचाही विचार करणं भाग होतं. एका शाळेवरून सगळ्या जिल्ह्याचं अनुमान निघत नाही, हेही लक्षात ठेवा. पण एक गोष्ट दिसते: कुटुंब धरून काम केलं की वयाची रेषा आपोआप ओलांडावी लागते.

कायदाही हळूहळू तिकडे वळतोय. 2015 च्या बाल न्याय कायद्यात, संस्थेतून 18 व्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांसाठी पश्चात सेवेची तरतूद आहे. पण जो कधी संस्थेत गेलाच नाही, घरीच राहिला, त्याचं काय?

तुमच्यापैकी कुणाला हा विषय घ्यायचा असेल तर एक सुचवतो. योजना हे एकक धरू नका, कुटुंब धरा. एकाच वस्तीतली अंगणवाडीची, शाळेची आणि युवक कार्यक्रमांची नोंद शेजारी-शेजारी ठेवा आणि नावं कुठे गळतात ते पाहा. माझ्या मते खरा शोधप्रश्न त्या गळतीतच आहे.