रिकाम्या पोटाची माशी

चाकणहून शिक्रापूरकडे निघालेले ट्रक पुढे नगर रस्ता धरून वाळूजला पोचतात. गाड्यांच्या सुट्या भागांची ही रोजची वाट. तिच्या दुसऱ्या टोकाला, तेव्हाच्या औरंगाबादेत, वाळूजची एमआयडीसी उभी राहण्याच्या कितीतरी आधी पुण्याच्या संशोधकांनी वाळूमाश्या गोळा केल्या होत्या.

ही माशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. अंगभर लव, आणि बसली तरी पंख पाठीवर उभेच. दिवसा भिंतीच्या भेगेत नाहीतर गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यात दडते, अंधार पडला की टुणटुणत बाहेर येते. रक्त पिते ती फक्त मादी. बिकानेरकडे कातडीवर महिनोन् महिने न भरणारा जो फोड येतो, त्याचा परजीवी लिश्मानिया हीच पसरवते. पण हे सिद्ध कसं करायचं?

१९२१ साली अल्जीरियात सार्जां बंधूंनी बिस्क्रा गावच्या माश्या चिरडून तो रस माणसांच्या खरवडलेल्या कातडीवर लावला, आणि एकाला खरोखर फोड आला. तेव्हा तपासणीचं साधन म्हणजे माणसाचा हातच होता! १९२४ मध्ये कलकत्त्यात नोल्स, नेपियर आणि स्मिथ यांनी याच कुळातल्या काळाआजाराचा परजीवी माशीच्या आतड्यात वाढताना पाहिला. ती रीत अजून चालते. काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब घ्यायचा, दोन बारीक सुयांनी माशीचं डोकं वेगळं करायचं आणि शेपटाकडचं टोक हलकेच ओढायचं. केसाएवढं आतडं अखंड बाहेर येतं. त्यात शेपटीवाले परजीवी वळवळताना दिसले की माशी बाधित.

मला या कुळकथेत सगळ्यात मोलाची वाटते ती एक शंका. माशीनं नुकतंच रोग्याचं रक्त प्यायलं असेल, तर सापडलेला जंतू माशीचा की त्या रक्ताचा? पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या, म्हणजे आजच्या एनआयव्हीतल्या धांडा, रॉड्रिग्ज आणि घोष यांनी ती नेमकी ओळखली होती. चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये नागपूरजवळच्या त्याच नावाच्या गावातल्या रोग्यांच्या रक्तात सापडला होता. तो माशीत शोधताना त्यांनी औरंगाबादच्या अडीचशेच्या आसपास माश्या वाटल्या, पण रक्त न प्यायलेल्या. त्या वाटणातही विषाणू निघाला. १९७० साली हे छापून आलं. रोग वेगळा, जंतू वेगळा, पण वाळूमाशीवर संशय घ्यायला महाराष्ट्रातच भक्कम आधार मिळाला.

आता सुयांच्या जोडीला डीएनए ओळखणारी पीसीआर चाचणी आहे. लिश्मानियाच्या एकेका पेशीत डीएनएची हजारो चिमुकली कडी असतात, म्हणून त्यांवर नेम धरला की ढीगभर माश्यांतली एक बाधितही हाती लागते. पण पीसीआरला मेलेला परजीवीही दिसतो आणि कालच्या रक्तातलाही. त्यामुळे नळीत टाकण्याआधी प्रत्येक मादी सूक्ष्मदर्शकाखाली उलटी करून तिचं पोट बघावं लागतं: लाल असेल तर वेगळ्या डबीत, रिकामं असेल तर पुढे.