क्राकेन : कथेपासून चोचीपर्यंत

नॉर्वेचे कोळी बेटाएवढ्या क्राकेनच्या गोष्टी सांगत. बर्गेनचे बिशप एरिक पाँटॉपिदान यांनी १७५०च्या दशकात त्या आपल्या निसर्गेतिहासात नोंदवल्या. १८५३ साली डेन्मार्कच्या किनाऱ्याला एक प्रचंड माकूळ, म्हणजे स्क्विड, लागले. त्याचे तुकडे आमिष म्हणून वापरले गेले. चोच तेवढी राहिली. तिच्या आधारे प्राणिशास्त्रज्ञ यापेटस स्टीनस्ट्रुप यांनी १८५७ साली ‘आर्किट्यूथिस’ या प्रजातीचे वर्णन केले. खोल समुद्रातील जिवंत माकुळाची छायाचित्रे मिळायला मात्र २००४ साल उजाडले. क्राकेनच्या मुळाशी हाच प्राणी असावा, असे मानतात.

वर्गात अशी कथा निघाली, की आपण ती हसण्यावारी नेतो. त्याऐवजी विचारू या : हिची चोच कुठे सापडेल?