भिशी, तार आणि शिदोरी

अमेरिकेत फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला जायचं ठरलं, की विमानाच्या तिकिटाइतकंच मोठं काम असतं ते जेवणाचं. तिथल्या नावाजलेल्या उपाहारगृहांत साठ दिवस आधीपासून जागा राखून ठेवता येते, आणि मागे राहिलेल्याला ती बहुधा मिळत नाही. शिवाय हवं तर साऱ्या मुक्कामाच्या जेवणाचे पैसे निघण्याआधीच भरून टाकता येतात. आगाऊ पैशांची ही योजना २००५ साली आजच्या रूपात आली, २०२० च्या साथीत बंद पडली आणि जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. सोलापुरातल्या कितीतरी घरांतली मुलं आज तिकडे आहेत. ती आईवडिलांना बोलावतात, नातवंडांबरोबर सहल आखतात आणि फोनवर आईला विचारतात, की अमुक तारखेला संध्याकाळी सहा वाजता तू काय खाशील? आईला हसू येतं. दोन महिन्यांनी लागणाऱ्या भुकेचा हिशेब आज कसा द्यायचा?

पण हा हिशेब आपल्या जिल्ह्याला नवा नाही. धर्मपुरीपाशी ज्ञानेश्वर माउलींची पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करत पंढरपूरला पोचते. तिकडून तुकोबांची पालखी अकलूज, बोरगाव, पिराची कुरोली या वाटेनं येते. या दोन्ही वाटांवर चालणाऱ्या हजारो माणसांनी आपल्या जेवणाचे पैसे घर सोडण्याआधीच भरलेले असतात. त्या पैशांना म्हणतात भिशी.

आज भिशी म्हटलं की दर महिन्याला चिठ्ठी काढणाऱ्या बायकांचं मंडळ डोळ्यांपुढे येतं. दिंडीतली भिशी वेगळी. तिथं भिशी म्हणजे सामाईक चूल. पालखी सोहळ्यात माणूस सुटा चालत नाही, तो कुठल्यातरी दिंडीचा असतो. माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या मानाच्या, आणि रथामागे त्याहून कितीतरी अधिक. प्रत्येक दिंडीचा चालक असतो, वीणेकरी असतो, आणि तितकाच महत्त्वाचा, पण फोटोत कधी न दिसणारा, असा भिशीचा हिशेब ठेवणारा असतो. वारकऱ्यानं ठरलेली रक्कम त्याच्याकडे दिली, की आळंदीपासून पंढरपूरपर्यंतच्या दोन वेळच्या जेवणाची काळजी त्याची नाही. त्यानं चालायचं आणि अभंग म्हणायचे.

ही चूल चालते कशी, हे एकदा बघण्यासारखं आहे. चालणारी दिंडी आणि स्वयंपाकाची दिंडी अशा खरं तर दोन दिंड्या असतात. पहाटे वारकरी टाळ घेऊन निघतात, त्यांच्याआधी किंवा त्यांना वळसा घालून ट्रक निघतो. त्यात पातेली, सरपण किंवा गॅसच्या टाक्या, पिठाची पोती, राहुट्या आणि वारकऱ्यांच्या वळकट्या. पाण्याचा टँकर वेगळा. दुपारच्या विसाव्याला दिंडी पोचायच्या आत भात शिजलेला हवा. जेवणं उरकली, की तेच पातेलं घासून ट्रकमध्ये आणि ट्रक पुढच्या मुक्कामाला. तिथं राहुट्या ठोकायच्या, संध्याकाळच्या समाजआरतीनंतर माणसं परततील तोवर पुन्हा पंगतीची तयारी. रस्ता पालख्यांनी भरलेला, दुकानं चार दिवस आधीच रिकामी झालेली, आणि पाऊस कधी येईल सांगता येत नाही. त्यात तिथीचा हिशेब वेगळाच. ज्येष्ठ वद्य एकादशीला माउलींची पालखी पुण्याहून निघून दिवेघाट चढते. वाटेतली सगळ्यात दमवणारी ही चाल नेमकी उपवासाच्या दिवशी येते, म्हणून त्या दिवशीची भगर आणि साबुदाणा आदल्या दिवशीच मोजून ठेवावा लागतो. हे सगळं निघण्याआधी कागदावर मांडलेलं असतं. मला विचाराल, तर साठ दिवस आधी टेबल राखण्यापेक्षा हे काम अवघड आहे.

पालखी सोहळ्याला ही शिस्त एका दिवसात आलेली नाही. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा सोहळा वेगळा बांधला आणि अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे, तंबू, नैवेद्य यांची सोय लागली. देवाच्या नैवेद्याची सोय आधी ठरली, भक्तांच्या पंगतीची सोय दिंड्यांनी आपापली केली.

भिशी नव्हती, तो माणूस काय करायचा? तो शिदोरी बांधायचा. आपल्याकडची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आज दुकानात पाकिटात मिळते आणि पाहुणे ती भेट म्हणून नेतात. मुळात तो प्रवासाचा आहार. ज्वारीची भाकरी पातळ थापून पाण्याचा अंश उरणार नाही इतकी भाजली, की कित्येक दिवस बिघडत नाही. चटणीत ओलं काही नाही, म्हणून तिलाही काही होत नाही. दशमी दुधात भिजवायची तीसुद्धा टिकावी म्हणून, आणि सोवळ्यात चालावी म्हणूनही. हे दुसरं कारण आपण हल्ली विसरतो. वाटेत अन्न मिळत नव्हतं असं नाही. मिळणारं अन्न कुणाच्या हातचं, हा प्रश्न होता. शिदोरी ही जितकी पोटाची तरतूद होती, तितकीच जातीची.

मग आगगाडी आली. १८५३ साली मुंबई-ठाणे सुरू झालेली जी.आय.पी. रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोचली. गंमत अशी, की तेव्हा बोरघाट व्हायचा होता, तो १८६३ मध्ये झाला. म्हणजे सोलापुरात गाडी आली तरी मुंबईहून येणाऱ्याला घाट गाडीतून उतरूनच चढावा लागे. १८७१ मध्ये हा मार्ग रायचूरला मद्रासच्या रेल्वेला जोडला गेला आणि सोलापूर हे मुंबई-मद्रास मेलच्या वाटेवरचं मोठं स्टेशन झालं.

या गाड्यांचे डबे एकमेकांना जोडलेले नसत. चालत्या गाडीत एका डब्यातून दुसऱ्यात जाता येत नसे. तेव्हा साहेबाचं जेवण कसं व्हायचं? त्याची युक्ती रेल्वेनं काढली. पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या उतारूनं गार्डाला सांगायचं, गार्डानं पुढच्या मोठ्या स्टेशनावर तार करायची, आणि गाडी थांबली की तिथल्या रिफ्रेशमेंट रूममध्ये टेबल मांडलेलं तयार. तारेचा पहिला उपयोग फौजेला आणि व्यापाऱ्याला झाला असं आपण शाळेत शिकलो. साहेबाच्या कोंबडीच्या रश्श्यालाही तो झाला, हे पुस्तकात नसतं!

तिसऱ्या वर्गासाठी तार नव्हती. फलाटावर जे विकायला येईल ते, नाहीतर आपली शिदोरी. पाणी मात्र वेगवेगळं. हिंदू पाणी, मुसलमान पाणी अशा हाका स्टेशनावर घातल्या जात. पुढे उपाहारगृहंही तशीच हिंदूंची वेगळी आणि मुसलमानांची वेगळी झाली. रेल्वेनं सगळ्यांना एका इंजिनामागे जोडलं आणि जेवायला वेगवेगळ्या दारांनी पाठवलं.

सप्टेंबर १९१७ मध्ये गांधीजी मुंबईहून मद्रासला मेल गाडीनं तिसऱ्या वर्गातून गेले. भाडं होतं तेरा रुपये नऊ आणे. ही गाडी आपल्याच मार्गानं, पुण्याहून रायचूरकडे गेली. त्या प्रवासावर त्यांनी वर्तमानपत्रांना सविस्तर पत्र लिहिलं. बावीस उतारूंच्या डब्यात किती माणसं कोंबली, हे त्यात आहेच. पण खाण्यापिण्याबद्दलचा त्यांचा राग अधिक आहे. चहा म्हणून मिळणारं कडवट पाणी, त्यातली मळकी साखर, दूध म्हणवणारा पांढुरका द्रव, आणि घाणेरड्या हातांनी दिले जाणारे पदार्थ. पहिल्या वर्गाचं भाडं तिसऱ्याच्या पाचपट आहे, पण सुखसोयींचा पाचवा, अगदी दहावा हिस्सा तरी तिसऱ्या वर्गाला मिळतो का, असा त्यांचा सवाल होता. हिशेबी माणसाचा सवाल आहे हा.

त्याच काळातला दुसरा प्रवास सातारा जिल्ह्यातला, १९०१ सालचा. तो मी मुद्दाम सांगतो, कारण आगाऊ तयारीनं सगळं भागतं असा आपला समज असतो. साताऱ्याची काही मुलं कोरेगावला नोकरीवर असलेल्या वडिलांकडे सुटीसाठी निघाली. पत्र आधी पाठवलं होतं. फराळाची टोपली घरच्या बायकांनी भरून दिली होती. मुलं मसूर स्टेशनावर उतरली, तर न्यायला कुणी आलेलं नव्हतं. पत्र पोचलं होतं, पण वडिलांना द्यायचं राहून गेलं होतं. मुलं महार आहेत कळताच गाडीवाले मिळेनात. दुप्पट भाडं देऊन बैलगाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची या अटीवर. रात्री टोपली उघडली, पण पाणी कुणी देईना. टोलनाक्यावरही मिळालं नाही. भरल्या टोपलीशेजारी मुलं उपाशी झोपली. त्यांतल्या नऊ वर्षांच्या मुलाचं नाव भीमराव आंबेडकर. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी हे लिहून ठेवलं आहे. पैसे होते, अन्न होतं, निरोपही धाडला होता. तरी ती रात्र तशी गेली.

आता पुन्हा वारीकडे येतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून बार्शीला गेली आणि १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली. अडीच फुटी रुळांवरची ती छोटी गाडी यात्रेकरूंनी गच्च भरून जाई. पायी पंधरवडा लागणारी वाट काही तासांची झाली. भिशी मोडून पडेल असं तेव्हा कुणालाही वाटलं असतं. पण ती मोडली नाही, कारण दिंडीत माणूस पोचण्यासाठी येत नाही, बरोबर चालण्यासाठी येतो.

बरोबर चालायचं, पण बरोबर जेवायचं का? इरावती कर्वे दिंडीबरोबर पंढरपूरला चालल्या आणि त्यावर त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. १९६२ साली तो इंग्रजीतही आला. दिवसभर एका सुरात गाणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा बायका मुक्कामाला पोचल्या, की स्वयंपाक आणि पंगत वेगळी करतात, हे त्यांना फार लागलं. त्या मराठा बायकांच्या पंगतीलाही जेवल्या, आणि त्यानंतर त्या बायका आपल्याशी अधिक मोकळेपणानं वागू लागल्या असं त्यांनी नोंदलं. विठ्ठलाच्या देवळाचं दार सर्वांना उघडावं म्हणून साने गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केलं आणि दार उघडलं. भिशीच्या पंगतीसाठी कुणी उपोषण केलं नाही. ती हळूहळू बदलली, कुठे लवकर, कुठे उशिरा. आज बहुतेक दिंड्यांत कोण कुणाशेजारी बसलं याकडे फारसं कुणी बघत नाही असं मला दिसतं. दिंड्या मात्र अजूनही गावाच्या, फडाच्या, ओळखीच्याच असतात, आणि भिशी भरताना ओळख लागतेच.

सहल कंपन्यांचा उदय मला या साऱ्याच्या पुढचा भाग वाटतो. १९८४ मध्ये केसरी पाटलांनी आपली कंपनी काढली. त्या सुमाराला मराठी मध्यमवर्ग दूरच्या सहलींना निघू लागला होता आणि त्याला नेणाऱ्यांनी एक गोष्ट बरोबर ओळखली. माणसाला काश्मीर पाहायचं असतं, पण रात्री वरणभात हवा असतो. म्हणून जेवणखाण पैशांत धरलेलं आणि कित्येकदा स्वयंपाकी बरोबर नेलेला. रेल्वेनंही १९६९ च्या पहिल्या राजधानीपासून जेवण तिकिटात धरायला सुरुवात केली होती. १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालेल्या मुंबई-सोलापूर वंदे भारतमध्ये तिकीट काढतानाच जेवण हवं की नको ते सांगायची सोय झाली. हवं असेल, तर शाकाहारी की मांसाहारी तेही. गार्डाची तार आता पहिल्या वर्गापुरती राहिली नाही, हे चांगलंच झालं. ज्याला तिकीट परवडतं त्याच्यापुरती मात्र ती आहेच.

आणि ज्याला भिशी परवडत नाही? असे वारकरी पूर्वीही होते, आजही आहेत. ते कुठल्याच वहीत नसतात. वाटेवरची गावं त्यांना सांभाळतात. पुणे जिल्ह्यात यवतला तुकोबांच्या पालखीला गावकरी पिठलं-भाकरी वाढतात, ती प्रसिद्ध आहे. आपल्या माळशिरस तालुक्यातही घराघरांतून भाकरी गोळा होतात. एका दिंडीच्या भिशीचा हिशेब ठेवणाऱ्या वयस्कर गृहस्थांना मी विचारलं होतं, की वहीत नाव नसलेला माणूस पंगतीत बसला तर? ते म्हणाले, वहीत जितकी नावं असतात त्याच्यापेक्षा पंचवीस पानं जास्त धरूनच आम्ही शिधा भरतो. त्याचा खर्च भिशीच्या रकमेत आधीच वाटलेला असतो. भिशी भरणाऱ्यांना ते माहीत आहे का, असं मी पुढं विचारलं. माहीत असतं, ते म्हणाले, आणि शिध्याची यादी पुढे वाचू लागले. डाळ झाली होती, गूळ व्हायचा होता.