उसाच्या पट्ट्यात प्रोग्रॅमिंगचा पहिला धडा

नगर जिल्हा म्हटला की ऊस आणि दुष्काळ हे दोन्ही शब्द एकदमच आठवतात. उत्तरेला प्रवरा-गोदावरीकाठची हिरवी शेती, दक्षिणेला पावसाची वाट पाहणारी कोरडी शिवारे. अशा या जिल्ह्यात शेतकऱ्यांची मुले संगणकाला हुकूम द्यायला कशी शिकली, ही हकिगत ऐकण्यासारखी आहे. तिची सुरुवात मात्र मुंबईत होते.

१९६० मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा संगणक कामाला लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. यंत्र अवाढव्य आणि त्याच्याशी बोलू शकणारी माणसे मूठभर. १९६३ मध्ये कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० हा संगणक आला आणि तिथे विद्यार्थ्यांबरोबर बाहेरच्या प्राध्यापकांनाही ‘फोरट्रान’ ही संगणकभाषा शिकवली जाऊ लागली. त्या काळी प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ जाड कागदाच्या कार्डावर भोके पाडून उमटवायची, कार्डांचा गठ्ठा यंत्राला द्यायचा आणि उत्तराची वाट बघायची. एखादे विरामचिन्ह चुकले तरी गठ्ठा परत! तिथे शिकवणाऱ्या प्रा. व्ही. राजारामन यांनी १९६९ मध्ये प्रोग्रॅमिंगचे सोपे पाठ्यपुस्तक लिहिले, तेही विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडेल अशा किमतीत. जिथे यंत्र पोहोचले नव्हते, तिथे आधी पुस्तक पोहोचले.

आपल्याकडे हा धडा आला तो साखरेच्या वाटेने. १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याच वर्षी लोणीला प्रवरा, संगमनेरला अमृतवाहिनी आणि कोपरगावला संजीवनी अशी तीन महाविद्यालये उभी राहिली. तिन्हींच्या मागे सहकारी साखर कारखानदारी होती. ‘शिक्षणाचा बाजार मांडला’ अशी टीका झाली. फी सगळ्यांना झेपणारी नव्हती, हेही खरेच. पण ज्या शिवारात १९५० च्या सुमारास प्रवरेच्या सहकारी कारखान्याचे धुराडे पेटले, त्याच शिवारात पुढे संगणकाची प्रयोगशाळा आली, ही गोष्ट लहान नाही. पुढे पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या विज्ञान महाविद्यालयांतूनही संगणकशास्त्राचे वर्ग सुरू झाले.

या वर्गांत नव्वदीच्या दशकापासून राज्य केले ते ‘सी’ या भाषेने. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ती घडवली. आपल्या पोरांना ती समजावली नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या पुस्तकाने आणि ‘टर्बो सी’च्या निळ्या पडद्याने. आता गंमत बघा. १९८९ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘सी’मध्ये राखीव शब्द अवघे बत्तीस. आम्हा कवींना एका कवितेलाही तेवढे पुरत नाहीत! मग मराठी शाळेतून आलेली हुशार मुले पहिल्याच सत्रात का अडखळत होती?

माझ्या मते, अडचण त्या बत्तीस शब्दांची नव्हती, ते समजावणाऱ्या इंग्रजीची होती. एकच उदाहरण घेऊ. शाळेत आपण शिकतो, बरोबरचे चिन्ह म्हणजे दोन्ही बाजू समान. प्रोग्रॅमिंगच्या वर्गात फळ्यावर येते : ‘क = क + १’. गणितात हे साफ खोटे. इंग्रजी व्याख्येने गोंधळ वाढतो. पण कारखान्याच्या वजनकाट्यावरचा कारकून आठवा. उसाची गाडी आली की पाटीवरचा आकडा पुसायचा, त्यात एक मिळवायचा आणि नवा आकडा लिहायचा. ‘गाड्या = गाड्या + १’ याचा अर्थ एवढाच. उजवीकडचा हिशेब करा आणि उत्तर डावीकडच्या पाटीवर लिहा. उसाच्या गावातल्या मुलाला हे मराठीत सांगायला अर्धा मिनिट पुरे.

सुदैवाने हे उशिरा का होईना, उमगू लागले आहे. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमाने प्रोग्रॅमिंगचे धडे मराठी आवाजात मोफत दिले. नव्या शैक्षणिक धोरणानंतर, २०२१ मध्ये, पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग सुरू झाला. ‘मराठीत शिकून नोकरी कोण देणार?’ हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. इंग्रजी लागतेच. पण इंग्रजी शिकणे वेगळे आणि इंग्रजी येत नाही म्हणून विचार करायलाच न शिकणे वेगळे.

या जिल्ह्याला तरी हे नव्याने सांगायला नको. १२९० मध्ये याच जिल्ह्यातल्या नेवाशात ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली. पुढे श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’सारखा अवघड विषयाचा ग्रंथ मराठीत रचला. अध्यात्मासारखा गहन विषय जिला पेलला, तिला ‘क = क + १’ जड जाईल काय?

आज प्रोग्रॅम लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. तरी आपल्याला नेमके काय हवे, ते पायरीपायरीने सांगणे आणि मिळालेले उत्तर तपासणे माणसाच्याच वाट्याला आहे. महाविद्यालयातला पहिला धडा तेच शिकवतो. गावोगावी संगणक पोहोचवायला आपल्याला काही दशके लागली. तो धडा मुलाच्या भाषेत पोहोचवायला आणखी तितकीच लावू नयेत.